चौथं मिश्रण

येलदरीच्या भिंतीखाली, सहा नंबरच्या हौदात
ती आहे : रोहू, साडेतीन किलो,
कल्ल्यामागे एक खवला गेलेला, त्यावरून ओळखते मी तिला.
नाव ठेवलेलं नाही. रजिस्टरात नुसतं ‘मादी ११’.

पहिल्या वर्षी शेंगदाण्याची पेंड दिली आणि तांदळाचा कोंडा,
सगळेच देतात तसं.
माद्यांनी खाल्लं. पोटं गरगरीत.
मी खूश होऊन जिल्ह्याला कळवूनही टाकलं.
मुंजाजीनं एकीला ओल्या फडक्यात धरलं, अंगठ्यानं चाचपलं :
“मॅडम, ही भरली न्हाई. ही माजली.”
चिरून पाहिली तर अंडी मूठभर
आणि भोवती पिवळी चरबी,
हिवाळ्यातल्या तुपासारखी थिजलेली.

दुसरं मिश्रण पाण्यात पडताच विरघळलं.
महिन्याभराची भरड, तेल, जीवनसत्त्वं
आम्ही पाण्यालाच चारली.
शेवाळ धष्टपुष्ट झालं.

तिसऱ्यात मैद्याची खळ.
मुंजाजीनं विडी पेटवली, तुकडा ग्लासात टाकला.
विडी संपेस्तोवर टिकला तर पास,
ही त्याची प्रयोगशाळा.
टिकला.
माशांनी तोंडात घेतला आणि थुंकला.

मग आपल्या मातीतलं काढलं :
करडईची पेंड जिंतूरच्या घाण्यावरून,
सोयाबीन भाजून, जवस भरडून,
सुकट दळून (गिरणीवाला आठ दिवस बोलत नव्हता),
आणि क्षार, सोनाराच्या काट्यावर मोजलेले.
शेवयांचं यंत्र सासूबाईंचं. मागून आणलं होतं,
आता परत न्यायची सोय नाही.
गच्चीवर जुन्या साड्यांवर शेवया वाळतात,
जिन्याखाली कुत्र्यांचा मुक्काम,
आणि एसटीत माझ्या शेजारची बाई
मुकाट्यानं खिडकीकडे सरकते.

त्याच महिन्यात मुंजाजीची लेक वच्छला
बाळंतपणाला माहेरी आली.
चौथं मिश्रण मळायच्या सकाळी त्यानं पुडी पुढं केली.
अळीव.
“पोरीसाठी आणले व्हते, त्यातलेच हाएत.
तिला चालतेत तं हिला कामून न्हाई?”
मी म्हटलं, प्रमाण ठरलंय, असं मधेच काही घालता येत नाही.
तो काही बोलला नाही.
पुडी काट्याशेजारी ठेवून हौद घासायला गेला.

दुपारी मी तोलले. चाळीस ग्रॅम.
त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, पेन्सिलनं.

जून सरत आला, आभाळ कोरडं ठाक.
मोटर लावून गोल हौदावर फवारा सोडला.
पाऊस खोटा, सुई खरी,
पाठीवरच्या पराच्या मुळाशी, एका खवल्याआडून.
रात्री दोनला पाणी उसळलं.
नर तिच्या कुशीला ढुसण्या देत राहिले
आणि आम्ही दोघं उगीच दुसरीकडे बघत राहिलो,
परक्या घरात शिरल्यासारखे.
मग पाणी दाणेदार झालं,
भिजलेल्या साबुदाण्यासारखं.

पहाटे बॅटरीच्या उजेडात वाटी घेऊन बसलो.
पांढरं म्हणजे गेलेलं.
काचेसारखं म्हणजे आहे.
शंभरात एकवीस गेलेली. गेल्या वर्षी त्रेसष्ट.
“परत मोजा,” मुंजाजी म्हणाला.
परत मोजली. तेवीस.
एका दाण्यात काहीतरी वळलं.
शेपूट असावी, किंवा माझे डोळे.

जवसानं झालं, सुकटीनं, की त्या चाळीस ग्रॅमनं,
सांगता येणार नाही.
बिनाअळिवाचा एक हौद ठेवायला हवा होता,
तो मी ठेवला नाही.
हे साहेबांना लिहायचंय अजून.
वच्छलेला पंधरा दिवस बाकी आहेत.

मादी ११ परत सहा नंबरात,
रिकाम्या पोटानं कोपऱ्यात उभी.
मुंजाजीनं मूठभर शेवया टाकल्या.
आधी वळलीच नाही.
मग आली.